दात न आलेली लेकरं

आमच्या धंद्यात पुरुष म्हणजे चौकोन आणि बाई म्हणजे गोल. लग्न झालं की दोघांच्या मधे आडवी रेघ, मूल झालं की खाली उभी. नात्यातलं लग्न असेल तर आडवी रेघ दुहेरी. जो आजारी, तो काळा भरायचा. मेला की त्याच्यावर एक तिरपी रेघ मारायची. झालं. चौथीतलं पोरगंसुद्धा दहा मिनिटांत शिकेल. ह्या चित्राला आम्ही वंशावळ म्हणतो आणि वीसेक वर्षं मी हेच करत आले आहे. त्यातली एक मी चुकीची काढली. ती कशी चुकली आणि कोणाला भोवली, तेवढंच इथं सांगायचंय.

मी मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर काम करते. मायटोकॉन्ड्रिया म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो, म्हणून मी सरळ चूल म्हणते. प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात, अन्न जाळून शरीराला ताकद देतात. त्या नीट पेटल्या नाहीत की आधी मेंदू भोगतो, कारण त्याला सगळ्यांत जास्त ताकद लागते. लेकरू जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. हसतं, कूस बदलतं, मान धरतं. मग पाच-सहा महिन्यांनी कधीतरी साधा ताप येतो, आणि धरलेली मान लेकरू टाकून देतं. त्यानंतर नजर जाते, मग गिळणं, मग श्वास. ह्याला औषध नाही. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून एकही लेकरू बरं झालेलं नाही. भाषणात मी हे सांगत नाही, पण इथं कशाला लपवू?

आता एक गोष्ट समजून घ्यावीच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्या चुलीचं थोडं सामान फक्त आईकडून येतं. बापाचा त्यात काडीचा वाटा नसतो. उरलेलं बरंचसं सामान मात्र आई-बाप दोघांकडून निम्मं निम्मं येतं. त्यामुळे बिघाडही दोन तऱ्हांनी येऊ शकतो. एक तर नुसता आईच्या बाजूनं. नाहीतर दोघांच्याही अंगात अर्धा अर्धा दोष लपलेला असतो, दोघंही धडधाकट असतात, आणि लेकरात ते दोन्ही अर्धे एकत्र येतात. लेकराच्या तोंडाकडे पाहून हे ओळखता येत नाही. त्यासाठी वंशावळ लागते.

मी मूळची चंद्रपूरची. वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून होते, आई झाडीपट्टीतली, नागभीडकडची. घरात आई ‘मले-तुले’ बोलायची आणि शाळेत गेलं की बाई त्यासाठी आमच्या हातावर पट्टी मारायच्या. पुढं शिकायला बाहेर गेले, परदेशातही दोन-तीन वर्षं राहिले, आणि नागपुरातल्या प्रयोगशाळेत परत आले. तेव्हा माझी छाती केवढी फुगलेली! इथल्या खेड्यांत जाऊन, इथल्या भाषेत बोलून वंशावळी काढणारी शास्त्रज्ञ म्हणजे मी. बाकीच्यांना दुभाषा लागतो, मला लागत नाही. शहाणी मोठी.

सात वर्षं झाली असतील. नागपूरच्या एका दवाखान्यातून फोन आला की आठ महिन्यांचा मुलगा आहे, तुमच्या कामाचा वाटतो. आम्ही एकमेकांत असंच बोलतो, तुमच्या कामाचा. मी गेले. आई चोवीस-पंचवीस वर्षांची, काळीसावळी, हाडकुळी, मांडीवर पोरगं. त्याची मान पंच्यासारखी लोंबत होती. नागभीडच्या पुढं तलावाकाठच्या एका गावात तिचं सासर. तलावात मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, उरलेले दिवस धानाच्या बांधीत मजुरी. थोरली मुलगी चार वर्षांची होती, तिला काही नव्हतं. त्यानंतरचा मुलगा दहा महिन्यांचा होऊन असाच गेला होता. हा तिसरा.

मी पोराचे डोळे तपासत होते, तेवढ्यात तिनं त्याचा खालचा ओठ बोटानं ओढून मला दाखवला.

“दोन दात आलेत मॅडम. पाहा.”

मी म्हटलं, “छान.” ह्या अवस्थेतही बाईला दातांचं कौतुक, असं मनात आलं आणि मी पुढच्या कामाला लागले. ती मला काय सांगत होती ते कळायला पाच वर्षं गेली.

पोराच्या रक्तातलं आम्ल वाढलेलं होतं, मेंदूच्या चित्रात दोन्ही बाजूंना सारखेच डाग. शंकेला जागा नव्हती, आजार चुलीचाच. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं. ‘घरी न्या’ ह्याचा अर्थ आमच्याकडे एकच असतो आणि तो तिलाही कळला. ती रडली नाही. निघताना तिनं एकच विचारलं, “पुढचं बी असंच होईन का?” मी म्हटलं, तेच तर शोधायला तुझ्या गावी येते.

पंधरा दिवसांनी गेले. बरोबर त्या गावची आशाताई होती. आरोग्य केंद्राचं काम करणारी ही बाई सगळ्या पंचक्रोशीची गरोदरपणं तोंडपाठ म्हणून दाखवायची. अंगणात खाट टाकली होती. सासरा, सासू, नवरा, दोन चुलतसासरे, शेजारचे आठ-दहा जण, आणि दाराच्या आत पोराला मांडीवर घेऊन ती. नियम असा आहे की वंशावळ एकेकाला बाजूला घेऊन, एकांतात विचारायची. मी स्वतः विद्यार्थ्यांना हे घोकून शिकवते. पण माझी गाडी चारला परत निघणार होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांसमोर त्यांच्याच बोलीत बोलायची मला हौस होती. मी खाटेवर मोठा कागद पसरला आणि पेन काढलं.

तिची थोरली बहीण ह्याच घरात, नवऱ्याच्या चुलतभावाला दिलेली होती. तिचाही मुलगा दीड वर्षाचा होऊन असाच मान टाकून गेलेला. मी दोघी बहिणींचे गोल काढले, वर त्यांच्या आईचा गोल, खाली तीन काळे चौकोन. मग कळलं की सासू म्हणजे तिची सख्खी आत्या, बापाची बहीण. आत्याच्या घरी भाची सून म्हणून देणं तिकडे नेहमीचंच. सासूचं स्वतःचं लग्नही नात्यातच झालेलं. मी दोन्हीकडे दुहेरी रेघा ओढल्या.

“आता तुमच्या बाजूचं सांगा भाऊ,” मी सासऱ्याला म्हटलं. “तुमच्या घरी कोनी लहान लेकरू गेलं का असं?”

“नाई वं बाई. आमच्याकडं कोनी नाई. देवाच्या किरपेनं सगळे खुटखुटीत.”

मी सासूकडे पाहिलं. ती खांबाला टेकून बसली होती, लुगड्याचा पदर तोंडाशी. तिनं मान हलवली. नाही.

झालं. माझं चित्र पुरं झालं. नवऱ्याच्या बाजूचा कागद पांढराधोप, आणि काळं जे होतं ते सगळं एका बाईपासून तिच्या दोन लेकींत आणि त्यांच्या पोरांत उतरलेलं. आईकडून येणाऱ्या बिघाडाची वंशावळ पुस्तकात छापतात तशी. असं चित्र दिसलं की आमच्या तोंडाला पाणी सुटतं, हे मी खोटं कशाला बोलू? दुहेरी रेघा माझ्याच हातानं काढलेल्या होत्या. नात्यातलं लग्न दिसलं की आधी दोघांकडून आलेल्या दोषाचा संशय घ्यायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पण मला जे पाहायचं होतं ते दिसलं होतं आणि बाकीचं दिसेनासं झालं. मी उत्साहात बोट फिरवत सगळ्यांना समजावून सांगितलं, हे पाहा, इथून आलं, मग इथं, मग इथं. सगळी माणसं कागदावर वाकली होती. दारातली ती तेवढी जागची हलली नाही.

नागपूरला येऊन मी घरच्यांसाठी एक पानाचा कागद लिहिला. अशा घरांना इंग्रजीतला अहवाल देऊन वाटेला लावणाऱ्यांचा मला राग होता. मी मराठीत लिहिणार, आणि सोपं लिहिणार. पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, ‘हा आजार आईकडून आला असण्याची शक्यता आहे; खात्रीसाठी आणखी तपासण्या चालू आहेत.’ मग मी पेन घेऊन ‘शक्यता’ खोडलं. तपासण्यांचं वाक्यही खोडलं. खेड्यातल्या माणसाला शक्यता बिक्यता कळत नाही, त्याला सरळ सांगावं लागतं, असं मी तेव्हा एका विद्यार्थिनीला म्हटलेलंही आठवतं. उरलं ते असं: ‘हा आजार आईकडून मुलांना जातो. वडिलांकडून जात नाही.’ खाली सही आणि शिक्का.

मुलगा पुढच्या महिन्यात गेला. तो कागद आशाताईच्या हातून घरी पोचला त्याच आठवड्यात.

तीन-चार महिन्यांनी आशाताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, धानाचं, रस्त्याचं. मग म्हणाली, “मॅडम, सांगू का नको असं होऊन राह्यलं. तिले सोडून आले तिच्या भावाकडं. पोरीसगट.”

“काऊन?”

“तुमचा कागद वाचला नं बैठकीत. गावातले आधीच मनत होते, हिच्यातच काही हाये, दोन दोन लेकरं खाल्ले. पन नवरा ऐकत नव्हता, भांडे तो लोकाईसंग. कागद वाचला आन् चूप बसला.”

मी काय केलं? काही नाही. घरगुती भांडण आहे, आपण त्यात पडायचं नसतं, असं स्वतःला सांगितलं. त्याच वर्षी एका परिषदेत मी ती वंशावळ पडद्यावर दाखवली, नावं काढून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी एक मोठे प्राध्यापक येऊन म्हणाले, किती स्वच्छ चित्र आहे. मला बरं वाटलं.

आणखी वर्षभरानं, आईकडून येणाऱ्या त्या सामानाची पूर्ण तपासणी हातात आली. त्यात काही सापडलं नाही. तेव्हाच जागं व्हायला हवं होतं. पण रक्तात कधीकधी दिसत नाही, स्नायूत दिसतं, असं एक खरंखुरं कारण आमच्याकडे तयारच असतं. ते मी वहीत लिहिलं आणि वही मिटली. आजही ती वही उघडवत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांवर चालणारं एक कपाट आहे. त्यात अंगठ्याएवढ्या नळ्यांमधून शेकडो लेकरं आहेत. बरीचशी मेलेली. त्यांचं सगळं मातीत गेलं किंवा जळलं, चार थेंब तेवढे माझ्याकडे उरले. दोनेक वर्षांपूर्वी तपासण्यांची नवी रीत आली, माणसाची सगळी जनुकं एकदम वाचता यायला लागली, तेव्हा जुन्या नळ्या काढायचं ठरलं. त्यात हा मुलगा होता. गावी गेले तेव्हा घेतलेलं त्याच्या आई-बापाचं रक्तही होतं.

एका संध्याकाळी निकाल संगणकावर आला. दोष सापडला, पण भलत्याच ठिकाणी, आई-बाप दोघांकडून निम्मं निम्मं येणाऱ्या सामानात. मुलात दोन्ही प्रती बिघडलेल्या. आईत एक बिघडलेली. बापात एक बिघडलेली, अगदी तीच. म्हणजे आजार जितका तिचा तितकाच त्याचा. बहिणीचा मुलगाही तसाच गेला असणार, कारण तीही त्याच नात्यात दिलेली. मग मी रडले. त्या मुलासाठी नाही, हेही लिहून ठेवते. आपण केवढी मोठी चूक सही-शिक्क्यानिशी केली, ह्या भीतीनं रडले.

पुढच्या आठवड्यात गावी गेले. आशाताई बरोबर होतीच. अंगण तेच, खाटही बहुतेक तीच. सासरा मधल्या काळात गेला होता. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं, नात्याबाहेरची, मुलचेऱ्याकडची मुलगी. ओसरीत झोळी बांधलेली, आणि झोळीत सात-आठ महिन्यांचं पोरगं लाथा झाडत होतं. गुबगुबीत, मान ताठ, लाळ गाळत माझ्याकडे बघून हसणारं.

मी घशाला कोरड पडेतो समजावलं. तिचा एकटीचा दोष नव्हता, तुमचाही तेवढाच होता, आम्हाला तेव्हा कळलं नाही, माझा कागद चुकला. नवरा सगळं ऐकून घेत होता. माणूस वाईट नव्हता हो, कधीच नव्हता. तो उठून आत गेला आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून माझा जुना कागद काढून आणला. घडीवर फाटला होता, तिथं मागून चिकटपट्टी लावलेली.

“तुमचा कागद बरोबर निंगाला मॅडम,” तो म्हणाला. “माह्यात दोष असता तं हे पोट्टं असं रायलं असतं का? पाहा नं.”

आता ह्याला काय सांगणार? दुसरी बायको नात्यातली नाही, तिच्यात तो अर्धा दोष नसणार, म्हणून पोरगं नीट आहे. तुझा अर्धा त्याच्या अंगात लपलेला असेलही. हे सगळं मी सांगितलं. दोनदा सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. तो मान हलवत राहिला आणि झोळीला झोका देत राहिला. माझं खरं एका बाजूला आणि ते हसरं पोर दुसऱ्या बाजूला. कोण जिंकणार?

निघाले तेव्हा सासू मागून आली. पार वाकली होती. आशाताईला म्हणाली, तू हो पुढं. आणि मला तलावाच्या पाळीवरून घेऊन चालली. पाळीच्या टोकाला एक मोहाचं झाड आहे, तिथं थांबली. झाडाखाली काही नव्हतं. नुसती माती, वाळलेली पानं आणि दोन गोटे.

“इथी दोन हायेत,” ती म्हणाली. “माहे.”

मला आधी कळलंच नाही.

“दोघं बी पोरंच. एक पाच महिन्याचा, एक सहाचा. दोघाईनं मान टाकली होती. तुमी इचारलं तवा मी इथीच बसली होती, खांबापाशी.”

“मंग बोलल्या काऊन नाई?” मी जवळजवळ ओरडलेच. “सगळ्यांसमोर मान हलवली तुम्ही! तुमचे दोन मला माहीत असते, तर चित्रच बदललं असतं. तुम्ही तिच्या बापाची बहीण, मग नुसतं आईकडून आलंय असं मी म्हटलंच नसतं. भाची होती नं ती तुमची!”

ती माझ्यावर चिडली नाही. लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागली. दात यायच्या आधी गेलेलं लेकरू त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. त्याचं सुतक नाही, तेरवी नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला मोजायचं नाही. मोजलं तर ते आईचा पिच्छा सोडत नाही, पुढच्या वेळी त्याच पोटात पुन्हा येतं. किती लेकरं झाली असं कोणी विचारलं तर ते धरायचं नाही. म्हणून सासरा खोटं बोलला नव्हता. त्यांच्या हिशेबानं त्या घरात एकही मूल गेलेलं नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, दवाखान्यात हिच्या सुनेनं मला पोराचे दात का दाखवले होते. आता हा मोजायचा, असं ती सांगत होती. मी ‘छान’ म्हटलं होतं.

मला हे माहीत असायला नको होतं का? मी कोणी मुंबई-पुण्याहून आलेली नव्हते. माझ्या आईला माझ्या आधी एक मुलगी झाली होती. चार महिन्यांची गेली. आईनं ते मला मी तिशीत असताना सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता. ‘तू पयलीच,’ असंच ती जन्मभर सगळ्यांना सांगत आली. माझ्या घरात हे होतं, आणि मी पेन घेऊन गावोगाव विचारत फिरले, ‘कोनी लहान लेकरू गेलं का?’ एकदाही विचारलं नाही, ‘दात यायच्या आधी गेलेलं कोणी?’

“आता तरी लेकाला सांगा,” मी म्हटलं.

“आता सांगून का होते? नवं घर मांडलं त्यानं.” तिनं वाकून गोट्यांवरची पानं बाजूला केली. “आन् तवा सांगतलं असतं तं मलेच काढलं असतं बाई. सासू होती माही, तिच्या मनात होतंच. माह्या टायमाले कागद नव्हता. म्हून मी घरात राह्यली.”

मी पाळीवरून परत गाडीकडे आले.

दुसऱ्या दिवशी वैनगंगा ओलांडून पलीकडे गेले, गडचिरोली जिल्ह्यात. नदीकाठच्या गावात त्या सुनेच्या भावाचं घर, आणि त्या घराच्या मागं कुडाची एक खोली. ती दारात बसून जाळं शिवत होती. मला ओळखलं. उठली, पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. मुलगी शेजारी दप्तर उघडून बसली होती, आता चौथीत. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सगळं सांगितलं. सासूचं तेवढं सोडून. ते सांगायचा मला हक्क नव्हता. नवी वंशावळ काढून दाखवली, ह्या वेळी एकांतात. त्याचा चौकोन आणि तिचा गोल अर्धा अर्धा भरलेला, खाली पोरं काळी. तिनं कागद मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला. मग सासूच्या गोलाखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“इथी दोन पायजेत.”

मी विचारलं, “तुले माहीत होतं?”

“कोन्या बाईले माहीत नाई?” ती म्हणाली. “पन ते मोजाचे नसतेत.”

मी दोन छोटे चौकोन काढले. काळे भरले. तिरप्या रेघा मारल्या. तिनं ते नीट झालं का पाहिलं आणि कागद खाली ठेवला. मग तिनं विचारलं, “तवा तुमाले पक्कं माहीत होतं का, का माह्याकडूनच आलं म्हून?”

“नाही.”

“मंग माहीत नाई असं लिवाचं.”

आवाज चढलेला नव्हता. मी खाली मान घालून म्हटलं, मला वाटलं ‘शक्यता’ वगैरे लिहिलं तर तुम्हाला कळणार नाही.

“आमी रोज नदीत जाळं टाकतो मॅडम,” ती म्हणाली. “मासोरी लागन का नाई, कोनाले ठाव रायते? तरी टाकतोच नं. आमाले नाई समजत?”

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. इतकी वर्षं शिकून मी ज्याला शास्त्र म्हणत होते, ते ह्या बाईला जाळं टाकताना रोज कळत होतं, आणि मी तिला ते कळणार नाही म्हणून खोडून टाकलं होतं.

मी म्हटलं, “नवऱ्याकडं पुन्हा जायचं म्हणशील तर मी येऊन बोलेन, पंचांशी बोलेन, लागेल तितक्यांदा.” तिनं डोकं हलवलं. तिथं आता दुसरी बाई होती, तिचं लेकरू होतं. त्या घराचं काही उरलं नव्हतं. तिला लेकीची काळजी होती. त्या कागदामुळे इथंही लोक बोलायला लागले होते, आईचं पोरीत उतरते, ह्या पोरीला कोण करणार? तिनं मुलीच्या वहीतलं एक पान फाडून माझ्यासमोर ठेवलं.

“लिवून द्या. मराठीत. आन् पयले ते लिवा, का तुमचा कागद चुकला.”

मी लिहायला घेतलं. सही-शिक्क्याचा कागद नंतर पाठवते म्हटलं, तर म्हणाली, तो बी पाठवा, पन हा आत्ता पायजे. मी लिहिलं: ‘पाच वर्षांपूर्वी मी ह्या घराला दिलेल्या कागदात हा आजार फक्त आईकडून येतो असं लिहिलं होतं. ते चूक होतं. मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं, तरी माहीत असल्यासारखं मी लिहिलं. हा दोष आई आणि वडील दोघांकडून सारखाच आला. आई एकटी कारण नाही. तिच्या मुलीला हा आजार नाही. तिचं लग्न नात्यात करू नये, एवढंच.’ खाली नाव, गाव, सही.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं पान मुलीच्या हातात दिलं. “वाच. मोठ्यानं.”

पोरगी उभी राहिली, शाळेत गुरुजींसमोर राहतात तशी, आणि अक्षरांखाली बोट धरून वाचायला लागली. आवाज खणखणीत होता. ‘ते चूक होतं’ पाशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढं वाचलं. शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या.

“पुन्हा वाच,” आई म्हणाली.

तिनं पुन्हा वाचलं. तोवर भाऊ बाहेर आला, भावजय आली, गल्लीतले आणखी चार-पाच जण आले. ती जाळ्याची सुई हातात धरून भिंतीला टेकून बसली होती, कोणाकडेच न बघता.

“अजून एकदा.”

पोरीनं तिसऱ्यांदा वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत, माझ्या नावासकट. मी पोत्यावर बसून तिन्ही वेळा ऐकलं.